वर्ध्याची पेढी आणि दिल्लीचे बाक
(कै. कमलनयन बजाज यांच्या सार्वजनिक जीवनाचा आढावा)

देवालयाचा जीर्णोद्धार झाला की गावात दोन गोष्टींची चर्चा होते. एक म्हणजे कोणी किती दिले, आणि दुसरी म्हणजे दिलेल्यावर आता कोणाचा हक्क. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पावतीपुस्तकात सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र माणसांच्या वागणुकीतच शोधावे लागते. या दृष्टीने विदर्भातील वर्धा गावच्या एका व्यापारी घराण्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. या घराण्याने देऊळ बांधले, पेढी चालविली, कारखाने उभारले आणि दिल्लीच्या लोकसभेत आपला एक पुत्र पाठविला. त्या पुत्राचे नाव कमलनयन जमनालाल बजाज. इ. स. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा लागोपाठ तीन निवडणुकांत वर्ध्याच्या मतदारांनी त्यांना आपला खासदार म्हणून निवडले.

वर्धा गाव आणि बच्छराजांची पेढी

आजचे वर्धा शहर फार जुने नाही. वर्धा जिल्हा १८६२ साली निराळा करण्यात आला, आणि पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याजवळ १८६६ च्या सुमारास नव्या गावाची आखणी झाली. रेल्वे आली आणि भोवतालच्या काळ्या जमिनीतला कापूस गाडीने मुंबईस जाऊ लागला. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव ही कापसाची गावे याच जिल्ह्यातली. कापसाच्या मागे व्यापारी आले, व्यापाऱ्यांच्या मागे पेढ्या आल्या. राजस्थानातील सीकर भागातून आलेले शेठ बच्छराज हे अशाच व्यापाऱ्यांपैकी एक होत.

बच्छराजांच्या घरी वारस उरला नव्हता. म्हणून त्यांनी सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला एक पाच वर्षांचा मुलगा नातू म्हणून दत्तक घेतला. हाच मुलगा पुढे जमनालाल बजाज या नावाने सर्व देशाला परिचित झाला. जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. शाळेचे शिक्षण बेताचे, पण पेढीचे शिक्षण पक्के.

जमनालाल सतरा-अठरा वर्षांचे असताना घरात एक प्रसंग घडला. एका लग्नास जाताना दागिने घालण्यास त्यांनी नकार दिला. आजोबा संतापले आणि मालमत्तेचा उल्लेख करून लागेल असे बोलले. मुलाने उलट उत्तर केले नाही. त्याने मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिले की, आपल्या संपत्तीवर माझा काहीही हक्क नाही. आणि तो घर सोडून निघाला. आजोबांचा राग ओसरल्यावर त्याची समजूत घालून त्याला परत आणण्यात आले. पुढे बच्छराज वारले व सारी मिळकत जमनालालांच्या नावे झाली. परंतु ज्या संपत्तीवरचा हक्क आपण एकदा लेखी सोडला ती आपली नव्हे, असे मानून तेवढी रक्कम त्यांनी सार्वजनिक कामास लावली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कायद्याने त्यांना तसे करण्याची गरज नव्हती. नोंद त्यांच्याच नावाची होती. पण नोंदीतला मालक आणि मनातला मालक हे दोन निराळे असू शकतात, हे त्या घराने तेव्हाच दाखवून दिले.

विश्वस्ताचा धर्म

१९२० साली नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे जमनालालजींनी महात्मा गांधींना विनंती केली की, मला आपला पाचवा पुत्र माना. गांधीजींनी ती मान्य केली. त्याच वेळेपासून काँग्रेसच्या खजिनदारीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. इंग्रज सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी १९२१ मध्ये परत केली. असहकाराच्या हाकेस मान देऊन ज्या वकिलांनी वकिली सोडली, त्यांच्या साह्यासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला.

त्यांच्याच आग्रहावरून गांधीजींनी १९२१ साली विनोबांना वर्ध्यास पाठविले. पुढे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघासाठी जमनालालजींनी आपली बाग व घर दिले. ते ठिकाण मगनवाडी म्हणून प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. त्या गावाची मालगुजारी जमनालालजींकडे होती. तेच गाव पुढे सेवाग्राम झाले. पवनार येथील धाम नदीकाठचा त्यांचा बंगला विनोबांच्या उपयोगी पडला. गांधीजी धनिकांना सांगत की, तुम्ही संपत्तीचे मालक नाही, विश्वस्त आहात. हे ऐकणारे धनिक पुष्कळ होते. ऐकून तसे वागणारे मोजके निघाले, आणि त्यांत वर्ध्याच्या या शेठजींचे नाव घ्यावे लागते.

लक्ष्मीनारायणाचे दार

वर्ध्यात बजाज घराण्याने विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीनारायणाचे सुंदर देऊळ बांधले होते. पैसा घरचा, जागा घरची, व्यवस्थाही घरच्या देखरेखीखाली. परंतु त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना देवळाच्या पायरीपलीकडे प्रवेश नव्हता. म्हणजे ज्याने देऊळ बांधले त्याच्या गल्ल्यात ज्यांच्या श्रमाचा कापूस येत होता, त्यांतील पुष्कळांना देवाचे मुख दिसत नव्हते.

जमनालालजींना ही गोष्ट सलत होती. पण एका रात्रीत कुलूप तोडून मोकळे होण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. देवळाचे विश्वस्त होते, त्यांचे मन वळवावे लागले. समाजातली सनातनी मंडळी विरोधात उभी राहिली. आपल्याच जातीतले लोक तुटतील, हे भय होते, आणि एखाद्या व्यापाऱ्याला ते साधे भय नसते. कारण व्यवहार जातीतल्या ओळखीवर चालतो, सोयरीकही तेथेच होते. विनोबांचा या कामाला पाठिंबा होता. अखेर जुलै १९२८ मध्ये लक्ष्मीनारायणाचे दार सर्वांसाठी उघडण्यात आले. अशा रीतीने अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या झालेल्या देशातील अगदी पहिल्या मंदिरांत त्याची गणना होते.

या तारखेचे महत्त्व समजण्यासाठी पुढच्या तारखा पाहाव्यात. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे तो अनेक वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर खुले व्हावे म्हणून पूज्य साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. मुंबई राज्यात मंदिर प्रवेशाचा कायदाही १९४७ सालीच झाला. वर्ध्याचे दार त्याआधी जवळजवळ एकोणीस वर्षे उघडले होते, आणि तेही कायद्याच्या धाकाने नव्हे. ज्यांच्या घराण्याने देऊळ बांधले त्यांनीच ते उघडले. देणगी दिली म्हणून दार आपले, असे त्यांनी म्हटले नाही.

कमलनयन यांची घडण

या घरात कमलनयन यांचा जन्म २३ जानेवारी १९१५ रोजी झाला. जमनालालजी व जानकीदेवी यांचे ते थोरले चिरंजीव. देवळाचे दार उघडले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. श्रीमंताघरच्या मुलांना जशी शाळा मिळते तशी त्यांना मिळाली नाही. त्यांचे बालपण आश्रमाच्या वातावरणात गेले आणि विनोबांसारखा कडक शिक्षक त्यांना लाभला. सूत कातणे, स्वतःची कामे स्वतः करणे, पहाटे उठणे ही त्या शिक्षणाची बाराखडी होती. पुढे मात्र ते उच्च शिक्षणासाठी विलायतेस केंब्रिजला गेले. आश्रम आणि केंब्रिज अशा दोन्ही पाण्यांनी भिजलेले असे हे व्यक्तिमत्त्व होते.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास जमनालालजींचे अकस्मात निधन झाले. कमलनयन तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. गांधीजींनी जमनालालजींच्या स्नेह्यांना वर्ध्यास बोलावून त्यांची अपुरी कामे वाटून दिली. जानकीदेवींनी गोसेवेचे काम शिरावर घेतले. पुढे भूदान चळवळीतही त्या हिंडल्या, आणि १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. धाकटे बंधू रामकृष्ण बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले. उद्योगाचा भार मुख्यतः कमलनयन यांच्या खांद्यावर आला.

पेढीतून कारखान्याकडे

वडिलांनी मागे ठेवलेले उद्योग लहान नव्हते. उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथ येथे १९३१ साली साखर कारखाना सुरू झाला होता. मुकुंद हा लोखंड-पोलादाचा कारखानाही त्यांच्या सहभागाने चालत होता. परंतु जमनालालजींचे चित्त शेवटी शेवटी धंद्यात नव्हते, गोसेवेत होते. मुलाने मात्र धंद्याकडे पूर्ण लक्ष घातले. सेवेला पैसा लागतो आणि तो कोणीतरी मिळवावा लागतो, हा व्यवहार त्यांना ठाऊक होता.

१९४५ च्या नोव्हेंबरात बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. पणजोबांच्या पेढीचे नाव नव्या कंपनीला मिळाले. १९४८ पासून ती परदेशी बनावटीची दुचाकी व तीनचाकी वाहने आणून विकू लागली. पण आणून विकणे वेगळे आणि येथे घडविणे वेगळे. १९५१ च्या कायद्यान्वये मोठा कारखाना काढावयाचा तर केंद्र सरकारचा परवाना लागे. किती माल काढावयाचा हेही परवान्यात लिहिलेले असे. वाहने बनविण्याचा असा परवाना १९५९ मध्ये मिळाला. १९६० मध्ये कंपनीचे नाव बजाज ऑटो झाले, आणि इटलीच्या पियाज्जिओ कंपनीशी करार होऊन पुण्याजवळ आकुर्डी येथे व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली. तीनचाकी रिक्षाही त्याच काळात शहरोशहरी दिसू लागल्या. मागणी इतकी आणि परवान्यातला आकडा एवढासा, त्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नाच्या बोलणीत स्कूटरचा नंबर लागला आहे किंवा काय याची विचारणा व्हावी, असा तो काळ होता.

वडिलांच्या नावाने शिक्षणाच्या क्षेत्रातही काम झाले. मुंबई विद्यापीठातील जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. वर्ध्यात तर जमनालालजींच्या हयातीतच, १९४० साली, वाणिज्य महाविद्यालय निघाले होते.

लोकसभेतील चौदा वर्षे

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५२ मध्ये, वर्ध्यातून श्रीमन्नारायण अग्रवाल निवडून आले. ते वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य व जमनालालजींचे जामात होत. १९५७ मध्ये ही जागा कमलनयन यांनी लढविली व जिंकली.

तो काळ साधा नव्हता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. नागपूरचे राजधानीपण गेले. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडविली, विदर्भात मात्र काँग्रेस पुष्कळ अंशी टिकून राहिली. कमलनयन यांच्या पाठीशी पक्ष होता, गांधी-विनोबांच्या भूमीचे वातावरण होते आणि वडिलांची पुण्याई होती. ती नाकारण्याचे कारण नाही. पण पुण्याईवर माणूस एकदा निवडून येतो. तीनदा निवडून येण्यास लोकांशी संबंध ठेवावा लागतो.

या चौदा वर्षांत लोकसभेने फार मोठे प्रसंग पाहिले. दुसरी व तिसरी पंचवार्षिक योजना झाली, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ चे चीनचे आक्रमण झाले, १९६४ मध्ये पंडित नेहरू गेले, १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध झाले, १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. कारखानदार असूनही कायदे करणाऱ्या सभागृहात बसणे हे दुधारी काम आहे. ज्या सरकारकडे परवान्यासाठी अर्ज करावयाचा, त्याच सरकारच्या पक्षाच्या बाकावर आपण बसतो. बाहेरच्या माणसाच्या मनात शंका येणारच. शिवाय वर्ध्याच्या कापूस उत्पादकाला असेही विचारता येत होते की, खासदार आमचे, मग कारखाना आकुर्डीला का? बंदर, बाजारपेठ आणि जोडधंदे ज्या बाजूला, त्या बाजूला कारखाने जातात, हे त्याचे व्यावहारिक उत्तर. पण विदर्भातल्या तरुणाला कामासाठी घर सोडावे लागते ही गोष्ट त्या उत्तराने पुसली जात नाही. दोन्ही बाजू नोंदविणे हेच न्यायाचे होईल.

कसोटीचा प्रसंग

खरी कसोटी १९६९ मध्ये आली. त्या वर्षी जुलैत चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ऑगस्टमध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत श्री. व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि पक्षाचे अधिकृत उमेदवार श्री. संजीव रेड्डी पराभूत झाले. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस दुभंगली. एका बाजूला पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी, दुसऱ्या बाजूला संघटना काँग्रेस. प्रत्येक खासदाराला कोठे बसावयाचे ते ठरवावे लागले.

सामान्य खासदाराला हा प्रश्न तिकिटाचा होता. कारखानदार खासदाराला तो त्याहून मोठा होता. कारखान्याची वाढ परवान्यावर, परवाना सरकारच्या हाती, आणि सरकार एका बाजूचे. नुसता व्यापारी हिशेब केला तर उत्तर सोपे होते. कमलनयन बजाज यांनी मात्र सत्ता ज्या बाजूला नव्हती ती बाजू घेतली. ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले. त्यांची राजकीय मते सर्वांना पटतील असे नाही. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने खेड्यात शाखा आल्या व शेतकऱ्याला कर्ज मिळू लागले, असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु नफ्याकडे पाहून त्यांनी आपले बाक निवडले, असे कोणास म्हणता येणार नाही.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली. मार्च १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत ‘गरिबी हटाव’ची लाट आली. वर्ध्याची जागा इंदिरा गांधींच्या काँग्रेसने जिंकली, आणि बजाज घराण्याचे व लोकसभेतील त्या जागेचे नाते तेथे संपले. ज्या वर्ध्यात गल्लीगल्लीतून या घराच्या दानाच्या खुणा होत्या, तेथील मतदारांनी आपले मत दुसरीकडे दिले. काहींना हा कृतघ्नपणा वाटेल. पण नीट विचार केला तर तसे म्हणता येत नाही. दान घेतले म्हणून मत बांधले जात नाही. तसे बांधले गेले असते तर ते दान राहिले नसते, तो सौदा झाला असता. देवळाचे दार उघडताना जमनालालजींनी दर्शनास येणाऱ्यांकडून काही लिहून घेतले नव्हते.

पुढे फार दिवस उरले नव्हते. १ मे १९७२ रोजी, महाराष्ट्र दिनीच, वयाच्या अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी कमलनयन बजाज यांचे निधन झाले. पियाज्जिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला होता, आणि १९७२ मध्येच ‘चेतक’ ही स्कूटर बाजारात आली. ती पुढे घरोघरी पोहोचली. कारखान्याची सूत्रे त्यांचे चिरंजीव राहुल यांनी १९६८ पासूनच हाती घेतली होती. तेही २००६ ते २०१० या काळात महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेवर होते. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. छत्रपती संभाजीनगर येथे कमलनयन बजाज यांच्या नावाचे रुग्णालय आहे. मराठवाड्यातून तेथे उपचारासाठी येणाऱ्या अनेकांना हे नाव कोणाचे, हे माहीतही नसेल.

या चरित्राचा बोध

लहान गावातल्या पेढीवरून निघून लोकसभेपर्यंत पोहोचलेले लोक आपल्या देशात थोडे नाहीत. पैसा आहे म्हणून पद मिळाले आणि पदामुळे पैसा वाढला, असे चक्र अनेकांच्या बाबतीत फिरताना लोकांनी पाहिले आहे. या घराण्याचा इतिहास निराळा वाटतो तो एवढ्यासाठी की, त्यात तीन वेळा हातातली वस्तू सोडण्याची वेळ आली. आजोबांच्या मालमत्तेवरचा हक्क मुद्रांकावर लिहून सोडला, तो पहिला प्रसंग. देवळाच्या दारावरचा ताबा सोडला, तो दुसरा. सत्तेच्या बाजूचे बाक सोडले, तो तिसरा. पहिल्या दोहोंत जमनालालजी होते, तिसऱ्यात त्यांचे चिरंजीव.

गावोगावी आज जुनी देवळे नव्याने उभी राहत आहेत. दात्यांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली जातात, ते योग्यच आहे. नोंद राहिली पाहिजे, आणि पुढील पिढीला हिशेब कळला पाहिजे. मात्र फरशीवरचे नाव ही देणगीची पावती असते, मालकीचा उतारा नव्हे. विश्वस्त मंडळाची मुदत संपते, खासदाराची संपते, सरपंचाची संपते. देवाच्या दारात येणाऱ्याचा हक्क तेवढा संपत नाही. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायणाचे दार जुलै १९२८ मध्ये उघडले, ते पुन्हा कोणासाठी बंद झाले नाही. बजाज घराण्याच्या अनेक दानांपैकी सर्वांत मोठे दान कोणते, असे कोणी विचारले तर त्या उघड्या दाराकडे बोट दाखवावे.